बॉल हॉकी आणि अलेक्झांडर बरोजची कारकीर्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॉल हॉकीबद्दल मराठी वाचकांकडून येणारे प्रश्न साधारण दोन प्रकारचे असतात. काही कॅनडा-अमेरिकेत राहणाऱ्या पालकांचे, ज्यांची मुलं उन्हाळा आला की स्टिक घेऊन बाहेर पळतात. काही इथल्या हॉकीप्रेमींचे, ज्यांनी कॅनडाच्या अलेक्झांडर बरोजचं नाव आइस हॉकीच्या संदर्भात ऐकलं आणि मग तो आधी बॉल हॉकीत विश्वविजेता होता हे कळल्यावर चकित झाले. दोन्ही प्रकारचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. पहिल्यांदाच वाचत असाल तर प्रश्न १ ते ३ आधी वाचा. पुढची बरीच उत्तरं त्यांच्यावर उभी आहेत.

१. बॉल हॉकी म्हणजे नक्की काय? आपली हॉकी आणि ही हॉकी एकच का?

नाही. आपण ज्याला हॉकी म्हणतो ती मैदानी हॉकी. बॉल हॉकी ही आइस हॉकीची बहीण आहे, फक्त बर्फ आणि स्केट्स वजा करून. पक म्हणजे रबराच्या चकतीऐवजी प्लॅस्टिकचा, बहुतेक वेळा नारिंगी चेंडू असतो आणि खेळाडू बूट घालून धावतात. मैदानावर पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक. गोलचौकट आइस हॉकीचीच, ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच. कॅनडात उन्हाळ्यात रिंकवरचा, म्हणजे आइस हॉकीच्या बंदिस्त मैदानावरचा, बर्फ काढला की खाली जो काँक्रीटचा तळ उरतो त्यावरच हे सामने होतात. चारही बाजूंच्या फळ्या तशाच असल्यामुळे चेंडू सहसा बाहेर जात नाही आणि खेळ फारसा थांबत नाही.

आंतरराष्ट्रीय सामना १५ मिनिटांच्या तीन सत्रांचा असतो. आइस हॉकीतल्यासारखं अंग घालून प्रतिस्पर्ध्याला आडवं करायला इथे परवानगी नाही. चेंडूसाठी खांद्याला खांदा लागतो, पण मुद्दाम धडक दिली की दोन मिनिटं बाहेर.

२. स्ट्रीट हॉकी, डेक हॉकी, हॉकेबाल, फ्लोअरबॉल ही सगळी एकाच खेळाची नावं आहेत का?

पहिली तीन जवळची, चौथा खेळ वेगळा.

स्ट्रीट हॉकी म्हणजे गल्लीतला खेळ. आपल्याकडच्या गल्ली क्रिकेटसारखेच तिचे नियम खेळणाऱ्यांनी ठरवलेले. रस्त्याच्या मधोमध दोन जाळ्या ठेवायच्या, गाडी दिसली की कुणीतरी ‘कार!’ म्हणून ओरडायचं, जाळ्या उचलून कडेला न्यायच्या, गाडी गेली की ‘गेम ऑन!’ आणि खेळ जिथे थांबला तिथून पुढे. कॅनडात हे दृश्य इतकं ओळखीचं आहे की त्याचं कुणाला नवल वाटत नाही. याच खेळाला नियम, पंच आणि रिंक मिळाली की तिची बॉल हॉकी होते.

डेक हॉकी प्लॅस्टिकच्या जोडफरशीवर आणि बहुधा लहान रिंकवर खेळतात. ती १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या लेमिन्स्टर गावात आकाराला आली. पिट्सबर्गमध्ये आणि क्वेबेक प्रांतात ती आजही जोरात आहे. हॉकेबाल हे बॉल हॉकीचंच चेक आणि स्लोव्हाक नाव.

फ्लोअरबॉलचा चेंडू मात्र पोकळ आणि भोकाभोकांचा, अवघा २३ ग्रॅमचा. स्टिक हलकी आणि आखूड, मैदान ४० बाय २० मीटरचं. फ्लोअरबॉलची स्टिक घेऊन बॉल हॉकी खेळायला गेलात तर पहिल्या जोरदार फटक्यातच पातं मोडण्याची भीती असते. दुकानात दोन्ही शेजारी टांगलेल्या असतात, म्हणून खरेदी करताना नीट बघून घ्या.

३. ऑफसाइडचा नियम काही केल्या कळत नाही. निळी रेषा ‘तरंगते’ म्हणजे काय?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच आहे, म्हणून थोडं सविस्तर. रिंकच्या मधोमध एक लाल रेषा असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक निळी. हल्ला करणारा खेळाडू चेंडूच्या आधी निळ्या रेषेच्या आत शिरला की ऑफसाइड.

आइस हॉकीत हल्ला करणाऱ्या संघाचा चेंडू, म्हणजे तिथे पक, निळ्या रेषेच्या आत गेल्याशिवाय खेळाडूने आत जायचं नाही, आणि पक त्याच रेषेबाहेर आला की सगळ्यांनी बाहेर पडायचं. बॉल हॉकीत पहिला अर्धा नियम तोच. दुसरा वेगळा. चेंडू एकदा निळी रेषा ओलांडून आत गेला की हल्ल्याचा टापू मागे सरकून थेट मधल्या लाल रेषेपर्यंत पसरतो. आता चेंडू निळ्या रेषेबाहेर आला तरी ऑफसाइड नाही. तो लाल रेषेपलीकडे गेला तरच टापू पुन्हा आकसतो आणि आत शिरायला परत निळी रेषा गाठावी लागते.

यामागचं कारण धावण्यात आहे. बर्फावर खेळाडू घसरत वळतो आणि दोन ढांगांत रेषेबाहेर येतो. काँक्रीटवर प्रत्येक वळण पायाच्या जोरावर घ्यावं लागतं. रेषा तिथेच ठेवली असती तर खेळ दर अर्ध्या मिनिटाला थांबला असता.

आइस हॉकीतून आलेल्यांची चूक ठरलेली. बचाव करताना ते चेंडू निळ्या रेषेबाहेर ढकलतात आणि संकट टळलं असं समजून सैल पडतात. टळलेलं काहीच नसतं. समोरचा बचावपटू लाल रेषेच्या अलीकडे निवांत उभा असतो, तो चेंडू अडवतो आणि सरळ गोलवर मारतो. बॉल हॉकीत ‘चेंडू बाहेर काढला’ याचा अर्थ लाल रेषेपलीकडे काढला, एवढाच.

४. या खेळातला मोठा खेळाडू म्हणून बरोजचंच नाव का घेतलं जातं?

कारण तो दोन्ही बाजूंनी टोकाला पोचला. अलेक्झांडर बरोज कॅनडाच्या राष्ट्रीय बॉल हॉकी संघातून २००३ आणि २००५ अशा लागोपाठ दोन जागतिक स्पर्धांत सुवर्णपदक विजेता ठरला. २००३ची स्पर्धा स्वित्झर्लंडमध्ये झाली, २००५ची पिट्सबर्गमध्ये. २०१०मध्ये आंतरराष्ट्रीय स्ट्रीट अँड बॉल हॉकी महासंघाने त्याला आपल्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे नामवंतांच्या मानाच्या यादीत, घेतलं. दुसरीकडे आइस हॉकीतल्या सर्वोच्च एनएचएल लीगमध्ये तो ९१३ सामने खेळला आणि २०५ गोल केले.

बॉल हॉकीत त्याच्या तोडीचे इतर खेळाडू आहेत, विशेषतः स्लोव्हाकिया आणि चेक प्रजासत्ताकात. पण हा खेळ कधीच न पाहिलेल्या माणसालाही ज्याचं नाव माहीत असू शकतं असा खेळाडू बहुधा तोच.

५. त्याची कारकीर्द सुरुवातीपासून क्रमाने सांगाल का?

जन्म ११ एप्रिल १९८१, क्वेबेकमधलं पँकूर, माँट्रिआलच्या पश्चिमेला. ज्युनिअर आइस हॉकी शाविनिगन कॅटरॅक्ट संघाकडून. २००१-०२च्या हंगामात तिथे त्याने ३५ गोल आणि ३५ असिस्ट (सहकाऱ्याच्या गोलला दिलेले पास) केले, म्हणजे ७० गुण. एवढं होऊनही एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ तरुण खेळाडू निवडतात त्या वार्षिक फेरीत, कोणत्याही संघाने त्याची निवड केली नाही.

मग तो ईसीएचएलमध्ये गेला. एनएचएलच्या दोन पायऱ्या खालची ही लीग, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतली छोटी शहरं, बसचे लांबलचक प्रवास. ग्रीनव्हिल ग्राउल, बॅटन रूज किंगफिश आणि मग कोलंबिया इन्फर्नो. याच काळात उन्हाळ्यात बॉल हॉकी चालू होती. पहिलं जागतिक सुवर्ण २००३चं आहे आणि त्या वेळी आइस हॉकीत तो अजून तिसऱ्या पायरीवर होता. ही दोन चित्रं शेजारी ठेवून बघा: एका खेळात विश्वविजेता, दुसऱ्यात कुणाच्या खिजगणतीत नाही.

२००३-०४मध्ये कोलंबियाकडून ७३ गुण झाले आणि मधल्या पायरीवरच्या मॅनिटोबा मूसचं दार उघडलं. नोव्हेंबर २००५मध्ये व्हँकुव्हर कनक्सने करार केला आणि २ जानेवारी २००६ रोजी तो एनएचएलमध्ये पहिला सामना खेळला. पुढच्या चार पूर्ण हंगामांतले गोल पाहा: ३, १२, २८, ३५. तिसऱ्या आकड्याच्या वेळी, फेब्रुवारी २००९मध्ये, त्याला संघातल्या सेडिन जुळ्या भावांच्या ओळीत, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या तीन आक्रमकांत, जागा मिळाली होती.

फेब्रुवारी २०१७मध्ये ऑटवा सेनेटर्सकडे बदली झाली. २०१८च्या उन्हाळ्यात त्या संघाने करार मोकळा केल्यावर त्याने खेळणं थांबवलं आणि लावाल रॉकेट या मधल्या पायरीवरच्या संघाचा सहायक प्रशिक्षक झाला. फेब्रुवारी २०२१मध्ये माँट्रिआल कॅनेडियन्सच्या प्रशिक्षकवर्गात आला. त्याच वर्षी तो संघ स्टॅन्ली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत पोचला. व्हँकुव्हरने डिसेंबर २०१९मध्ये त्याचं नाव आपल्या सन्मानवर्तुळात लावलं.

६. ड्राफ्टमध्ये निवड झाली नाही तर एनएचएलचा रस्ता बंद होतो ना? मग हा कसा पोचला?

रस्ता बंद होत नाही, लांब होतो. निवड न झालेला खेळाडू मोकळा असतो. कोणताही संघ त्याच्याशी कधीही करार करू शकतो. पण कुणाचीच त्याच्यात गुंतवणूक नसल्यामुळे त्याला संधी सर्वांत शेवटी मिळते आणि चूक झाली की सर्वांत आधी तोच बाहेर जातो.

बरोजने ज्या कामामुळे संघात जागा धरली ते गोल करण्याचं नव्हतं. संघाचा एक माणूस शिक्षा भोगत बाहेर बसलेला असताना चौघांनी पाच जणांना थोपवायचं, फटक्यासमोर आडवं पडायचं, समोरच्या मुख्य खेळाडूला जखडून ठेवायचं. दुसऱ्या पूर्ण हंगामापर्यंत त्याची ओळख हीच होती. नाव झाल्यावर २००९मध्ये ४ वर्षांसाठी ८० लाख डॉलरचा आणि २०१२मध्ये ४ वर्षांसाठी १ कोटी ८० लाख डॉलरचा करार झाला.

७. बॉल हॉकीमुळे तो आइस हॉकीत चांगला झाला, असं म्हणणं खरं आहे का?

पूर्ण श्रेय देणं चुकीचं ठरेल, कारण स्केटिंग बॉल हॉकी शिकवत नाही. पण काही गोष्टी काँक्रीटवर अशा पक्क्या होतात की बर्फावरही त्या दिसतात.

पक सपाट असतो, थांबवला की थांबतो. चेंडू कधीच पूर्ण थांबत नाही. तो पात्यावरून घरंगळतो, उडतो, फळीला लागून अनपेक्षित कोनात परत येतो. त्यामुळे बॉल हॉकीपटूचं मनगट सतत छोटी-छोटी दुरुस्ती करत असतं आणि हवेतला चेंडू खाली पाडून लगेच खेळात आणणं अंगवळणी पडतं. दुसरी गोष्ट जागेची. घसरत जाता येत नसल्यामुळे प्रत्येक पाऊल खर्चाचं आहे. चेंडू कुठे येणार हे आधी ओळखून दोन पावलं कमी धावणारा खेळाडू तिसऱ्या सत्रात ताजा राहतो. आमच्या मते बरोजच्या खेळात सर्वांत ठळक होतं ते हेच: सेडिन बंधू पास कुठे टाकणार हे ओळखून तो तिथे आधीच उभा असायचा.

८. २०११चा शिकागोविरुद्धचा गोल इतका का गाजला?

तारीख २६ एप्रिल २०११, एनएचएलच्या बाद फेरीतल्या पहिल्या टप्प्याचा सातवा आणि निर्णायक सामना. व्हँकुव्हरने मालिकेत ३-० आघाडी घेतली होती आणि शिकागोने ती ३-३ केली होती. आदल्या दोन वर्षांत याच संघाने व्हँकुव्हरला बाहेर काढलं होतं.

बरोजने तिसऱ्याच मिनिटाला गोल केला. शेवटच्या सत्रात त्याला पेनल्टी शॉट (समोर फक्त गोलरक्षक असतानाचा फटका) मिळाला, तो हुकला. दोन मिनिटांहून कमी वेळ उरलेला असताना शिकागोने एक खेळाडू कमी असूनही बरोबरी साधली. जादा वेळ सुरू होताच बरोज शिक्षा होऊन बाहेर गेला. तो काळ संघाने निभावला आणि ५ मिनिटं २२ सेकंदांनी तो क्षण आला. शिकागोचा बचावपटू पक हवेतून बाहेर काढत होता. बरोजने तो हाताने खाली पाडला, एकदा समोर घेतला आणि पूर्ण ताकदीने मारला. गोल, २-१.

तो तुकडा सावकाश करून बघा. हवेतला पक हाताने पाडणं, तो लगेच स्टिकवर घेणं आणि पाठोपाठ फटका. प्रश्न ७मध्ये जे सांगितलं ते तीन सेकंदांत दिसतं.

त्याच वर्षी ४ जूनला, बोस्टनविरुद्धच्या अंतिम मालिकेतल्या दुसऱ्या सामन्यात त्याने जादा वेळेच्या ११व्या सेकंदाला गोलच्या मागून वळसा घेत विजयी गोल केला. ती मालिका मात्र व्हँकुव्हर सात सामन्यांत हरला.

९. गोल झाल्यावर तो धनुष्य ओढल्यासारखं का करायचा?

व्हँकुव्हरचा तरुण बचावपटू ल्यूक बूरदाँ मे २००८मध्ये मोटरसायकल अपघातात गेला. ती खूण मूळची बूरदाँची. पुढच्या हंगामात बरोजने मित्राच्या आठवणीसाठी ती उचलली.

१०. दोन्ही खेळ एकाच वर्षात कसे जमतात? एनएचएलचा करार झाल्यावरही बॉल हॉकी खेळता येते का?

हंगाम वेगळे आहेत म्हणून जमतं. आइस हॉकी सप्टेंबर ते एप्रिल, बाद फेरीत गेलात तर जूनपर्यंत. कॅनडातली बॉल हॉकी वसंतापासून ऑगस्टपर्यंत.

अडचण कराराची असते. एनएचएलच्या ठरावीक करारानुसार क्लबच्या लेखी संमतीशिवाय खेळाडूला इतर खेळांत उतरता येत नाही. कारण सरळ आहे: लाखो डॉलर ज्याला देतोय त्याचा घोटा जुलैमध्ये काँक्रीटवर मुरगळू नये. बरोजची दोन्ही सुवर्णं एनएचएल कराराआधीची आहेत हे लक्षात घ्या. खालच्या लीगमध्ये किंवा विद्यापीठात खेळणाऱ्यांनीही करारातलं हे कलम वाचूनच उन्हाळ्याची नोंदणी करावी. तोंडी होकारावर विसंबू नका.

११. बॉल हॉकीतून पोट भरतं का?

उत्तर अमेरिकेत नाही, हे मुलांना आधीच सांगा. स्थानिक लीगमध्ये खेळाडूच वर्गणी भरतो. राष्ट्रीय संघात निवड झाल्यावरही प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च बऱ्याचदा खेळाडू स्वतः किंवा देणग्या गोळा करून उभा करतात. जागतिक सुवर्णपदक विजेत्यांमध्ये शिक्षक, अग्निशामक दलातले जवान, इलेक्ट्रिशियन भेटतात. चेक प्रजासत्ताक आणि स्लोव्हाकियात क्लबांची व्यवस्था जास्त पक्की आहे आणि प्रेक्षकही जास्त.

म्हणून ‘बॉल हॉकीतली कारकीर्द’ म्हणजे गल्ली किंवा शाळा, मग शहराची लीग, मग प्रांतिक स्पर्धा, मग राष्ट्रीय, आणि तिथून देशाच्या संघाची चाचणी. या वाटेवर पगार कुठेच नाही, दर्जा मात्र प्रत्येक पायरीला चढतो. हा खेळ बर्फ न परवडणाऱ्यांची तडजोड आहे, असं काही जण लिहून पाठवतात. विश्वचषक खेळणाऱ्या संघांचा एक सामना पूर्ण बघितला की ते मत टिकत नाही.

१२. जागतिक स्पर्धा कधीपासून आहे आणि तिच्यात कोण भारी?

पहिली १९९६मध्ये स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हात झाली. कॅनडा, चेक प्रजासत्ताक आणि स्लोव्हाकिया हे कायमचे दावेदार. स्लोव्हाकियाने २०१३ (सेंट जॉन्स), २०१५ (त्सूग), २०१७ (पार्दुबित्से) आणि २०१९ (कोशित्से) अशी लागोपाठ चार जेतेपदं मिळवली. अमेरिका, स्वित्झर्लंड, ग्रीस, इटली, ग्रेट ब्रिटन हे संघही नेहमी दिसतात. महिलांची जागतिक स्पर्धा २००७पासून सुरू झाली.

१३. मुलीला सुरुवात करायची आहे. नेमकं काय सामान घ्यावं?

हेल्मेट (मुलांसाठी पूर्ण चेहरा झाकणाऱ्या जाळीचं), हातमोजे, नडगीचे पॅड, स्टिक, बूट. दातांचं गार्ड आणि कोपराचे पॅड घ्याच. काँक्रीटवर पडल्यावर पहिलं सोलतं ते कोपर. आइस हॉकीचं हेल्मेट चालतं, सायकलचं चालत नाही. समोरून येणारा चेंडू ते अडवत नाही.

पैसे बुटांवर खर्च करा. जॉगिंगचे बूट टाळा. त्यांची टाच उंच आणि मऊ असते, आडवं वळताना पाय बाहेर कलंडतो आणि घोटा जातो. बॅडमिंटन किंवा टेनिसचे, सपाट तळाचे आणि बाजूंनी घट्ट बूट उत्तम.

स्टिक पूर्ण कार्बनची घ्यायची घाई नको. खडबडीत डांबरावर तिचं पातं काही आठवड्यांत झिजून पातळ होतं. लाकडी दांडा आणि कडक प्लॅस्टिकचं पातं रस्त्यासाठी बरं. गुळगुळीत रिंकवर खेळू लागल्यावर कार्बन. डावी की उजवी हे प्रश्न १६मध्ये आहे. मुलींसाठी नियम वेगळे नाहीत. लहान वयात बऱ्याच ठिकाणी मुलं-मुली एकत्रच खेळतात.

१४. आइस हॉकीची स्टिक घरात आहे. तीच वापरू का?

वापरा, पण आधी कापा. स्केट्समुळे उंची साधारण ६ ते ७ सेंटिमीटरने वाढते. बूट घातल्यावर तेवढी कमी होते आणि तीच स्टिक लांब पडते.

बूट घालून सरळ उभं राहा. पात्याचं टोक जमिनीला टेकवून दांडा नाकासमोर सरळ उभा धरा. हनुवटीपाशी खूण करा. खुणेवर चिकटपट्टीचे दोन वेढे द्या म्हणजे कार्बनचे तंतू फाटणार नाहीत. बारीक दात्यांच्या हॅक्सॉने कापा. तोंडाला मास्क लावा आणि मोकळ्या हवेत कापा, कार्बनची धूळ छातीत जाणं वाईट. कड कानशीने घासा, टोकात बूच बसवा, वर टेपची गाठ करा. एकदम खुणेवर कापण्याऐवजी आधी २ सेंटिमीटर वर कापून एक दिवस खेळून बघा.

बरोबर झालं की नाही हे पात्यावरची टेप सांगते. दोन-तीन सामन्यांनंतर खालची बाजू बघा. टेप टाचेकडे झिजली असेल तर पात्याचं टोक हवेत राहतंय, म्हणजे स्टिक अजून लांब आहे. टोकाकडे झिजली असेल तर जास्त कापली गेली. मधोमध झिजली की हात लावू नका.

कापल्यावर दांडा ताठ होतो हेही ध्यानात ठेवा. दांड्यावर फ्लेक्सचा, म्हणजे तो किती ताठ आहे याचा, आकडा असतो. मोठ्यांसाठी सोपा हिशेब म्हणजे किलोतलं वजन गुणिले १.१: ७० किलोच्या खेळाडूला ७५ ते ७७. चेंडू पकपेक्षा हलका असतो, म्हणून यापेक्षा पाच-दहा कमी घेतला तरी फटका चांगला बसतो.

१५. चेंडू कधी दगडासारखा लागतो, कधी रबरासारखा उडतो. बिघडलेला असतो का?

बहुधा तापमानाचा परिणाम. थंडीत प्लॅस्टिक कडक होतं, उन्हात मऊ पडून उसळतं. म्हणून चेंडू वेगवेगळ्या कडकपणाचे मिळतात आणि कोणत्या हवामानासाठी कोणता ते वेष्टनावर छापलेलं असतं. थंडीत मऊ, उन्हाळ्यात कडक, हे सूत्र. स्पर्धेत आयोजक देतील तोच चेंडू. सरावही त्याच प्रकारच्या चेंडूवर करा. चेंडू सपाट जमिनीवर हळू घरंगळून बघा: डुलत गेला तर तो चेपलाय, फेकून द्या.

१६. मी पुण्यात शाळेपासून मैदानी हॉकी खेळलोय. आता टोरंटोत आहे. जमेल का?

जमेल, आणि मैदान वाचण्याची नजर तुमच्याकडे आधीच आहे. तीन सवयी मोडाव्या लागतील.

मैदानी हॉकीत स्टिकच्या सपाट बाजूनेच खेळायचं असतं. इथे पात्याच्या दोन्ही बाजू चालतात, त्यामुळे स्टिक उलटी फिरवण्याची गरज नाही; मनगट फक्त पालथं-सुलटं करायचं. दुसरं, मैदानी हॉकीत सगळे डावा हात वर धरतात. इथे ज्याचा डावा हात वर आणि उजवा खाली, त्याने ‘उजवी’ स्टिक घ्यायची. कॅनडात डाव्या स्टिका जास्त विकल्या जातात, बरोजही डावाच. दुकानदाराने डावी हातात दिली तर घेऊ नका. तिसरं, पाठ. तुम्हाला कमरेतून वाकून खेळायची सवय असेल. इथे गुडघे वाकवा, छाती वर, नजर समोर. मान खाली घालून चेंडू नेणारा खेळाडू फळीजवळ सर्वांत आधी अडकतो.

पायाला चेंडू लागणं इथे गुन्हा नाही. पायाने थांबवून स्टिककडे सरकवणं हे तर कौशल्य मानलं जातं. पायाने मारलेला गोल मात्र धरत नाहीत.

१७. दोन मिनिटांत धाप लागते. दम कसा वाढवू?

दोन मिनिटं सलग खेळताय हीच चूक. शिफ्ट, म्हणजे बाकावरून उतरून पुन्हा बाकावर येईपर्यंतचा खेळ, ३० ते ४५ सेकंदांची ठेवा. पूर्ण वेगाने धावा, मग बाकावर या. चेंडू आपल्या ताब्यात किंवा समोरच्या टोकाला असतानाच बदली करा. तो आपल्या गोलकडे येत असताना बदली केली की गोल खाल्लाच.

सरावही तसाच हवा. लांब अंतर रोज जॉगिंग करून हा दम येत नाही. २० मीटर जा-ये अशा धावा ४० सेकंद, मग २ मिनिटं विश्रांती, असे आठ फेरे. आठवड्यातून दोनदा. उन्हाळ्यात बंद रिंकमध्ये हवा कोंडते, म्हणून खेळाआधी तासभर पाणी पीत राहा आणि बाकावर मीठ-साखरेचं पाणी ठेवा.

१८. कोणत्या दुखापती जास्त होतात?

घोटा मुरगळणं, जांघेचा स्नायू ताणणं, नडग्या दुखणं. शेवटच्या दोन्हींचं कारण बहुतेक वेळा एकच: हिवाळाभर बर्फावर किंवा घरात आणि मग एकदम एप्रिलमध्ये काँक्रीटवर आठवड्याला चार दिवस. पहिले तीन आठवडे एकाआड एक दिवस खेळा. नडगीच्या हाडावर बोटाने दाबल्यावर एकाच बिंदूत कळ येत असेल आणि ती रात्रीही ठणकत असेल तर खेळ थांबवून डॉक्टरकडे जा. हाडाला बारीक चीर असू शकते.

१९. भारताचा बॉल हॉकी संघ आहे का? महाराष्ट्रात खेळता येईल?

भारताच्या नावाने संघ जागतिक स्पर्धांत उतरले आहेत आणि त्यात कॅनडात वाढलेले भारतीय वंशाचे खेळाडू मोठ्या संख्येने होते. परदेशातून चाचणीला जाणार असाल तर तिकीट काढण्याआधी नागरिकत्व आणि पारपत्राच्या अटी महासंघाकडून लेखी मागवा.

महाराष्ट्रात याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे चाकांच्या स्केट्सवरची रोलर हॉकी. बॉल हॉकी सुरू करायची तर सोसायटीतलं बास्केटबॉलचं कोर्ट पुरतं. चार-चार खेळाडू, गोलरक्षकाशिवाय. जाळी म्हणून ३ फूट बाय २ फुटांच्या लोखंडी चौकटी. ऑफसाइड ठेवू नका, जागा लहान आहे. स्टिक कमरेच्या वर न्यायची नाही हा नियम मात्र पहिल्या दिवसापासून कडक ठेवा. फळ्या नसल्यामुळे चेंडू सतत बाहेर जाईल. कडेने जाड लाकडी पट्ट्या आडव्या ठेवल्या तर खेळ निम्मा सुधारतो.

२०. बरोज अजून खेळत असताना, २०१०मध्येच हॉल ऑफ फेममध्ये कसा? आणि त्याच्या गोलांचे आकडे वेगवेगळ्या ठिकाणी वेगळे का?

दोन हॉल ऑफ फेम वेगळे आहेत, गोंधळ तिथे होतो. २०१०चा सन्मान बॉल हॉकीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा. त्यासाठी त्याची बॉल हॉकीतली कामगिरी मोजली गेली. टोरंटोतला हॉकी हॉल ऑफ फेम ही निराळी संस्था आहे आणि तिथे निवडीसाठी निवृत्तीनंतर काही वर्षं जावी लागतात. बरोज तिथे नाही.

आकड्यांचं असं: ९१३ सामने, २०५ गोल, २०४ असिस्ट, ४०९ गुण हे फक्त एनएचएलच्या साखळी सामन्यांचे आहेत. प्रश्न ८मधले तीनही गोल बाद फेरीतले असल्यामुळे या २०५मध्ये धरलेले नाहीत. खालच्या लीगचे गोल मिळवले की आकडा आणखी मोठा दिसतो, आणि बॉल हॉकीचे गोल यातल्या कोणत्याच बेरजेत येत नाहीत.